जुना लॅमिनायटिस, २१ वर्षांची घोडी. थांबायचं कधी, हे कशावरून ठरवावं?

रानवाट

घोडी २१ वर्षांची आहे. पिट्युटरी ग्रंथीचा विकार, म्हणजे पीपीआयडी, तीन वर्षांपूर्वी निघाला. त्यावरचं औषध परगोलाइड आधी रोज १ मिलिग्रॅम होतं, आता २ आहे. सव्वा वर्षापासून पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुराच्या भिंतीला आतलं हाड धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा (लॅमिना) दाह. चार महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेत खुरातलं हाड डावीकडे ११ अंश आणि उजवीकडे ८ अंश फिरलेलं होतं, तळव्याची जाडी डावीकडे ७ आणि उजवीकडे ९ मिलिमीटर. पाच महिन्यांत तीनदा खुरात पू झाला. वेदनाशामक फिनाइलब्युटाझोन सकाळी १ ग्रॅम, संध्याकाळी १ ग्रॅम, सात आठवडे झाले. टेपने छातीचा घेर १६८ आणि लांबी १६० सेंटीमीटर भरते, म्हणजे वजन ३८० किलोच्या आसपास. निदान झालं तेव्हा ४३० होतं.

दिवसाचे बारा-तेरा तास आडवी असते. कोपरावर आणि कमरेच्या हाडावर जखमा झाल्यात. उठायला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. पण खुराक दिसला की खिंकाळते आणि बादली चाटूनपुसून साफ करते. सगळं इथेच अडलंय. घरात एक मत "खातेय तोवर जगू द्या", दुसरं "ती उठताना बघवत नाही".

खाणं चालू असताना दयामरणाचा निर्णय घेणं घाईचं होईल का? निर्णय नेमका कशावरून घ्यायचा? आणि घ्यायचाच झाला तर तयारी काय करावी लागते? तिच्यासोबत एक गाढव आहे, नऊ वर्षं दोघं एकत्र आहेत. त्याचं काय करायचं तेही सांगा.

---

अश्ववैद्यक

भूक आतड्याबद्दल सांगते, खुराबद्दल नाही. लॅमिनायटिसच्या घोड्याचं आतडं ठणठणीत असू शकतं, म्हणून तो पायाच्या भयंकर वेदनेतही बादली संपवतो. खाणं सुटेपर्यंत थांबायचं ठरवलंत, तर अशा घोडीच्या बाबतीत तुम्ही खूपच पुढे निघून गेलेले असाल.

त्याऐवजी पुढच्या गोष्टी आठवडाभर रोज लिहून काढा.

नाडी. निरोगी मोठ्या घोड्याची शांत असताना मिनिटाला २८ ते ४४ असते. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. खुराक यायच्या वेळी मोजू नका, नुसत्या उत्सुकतेने ती चढते. वेदनाशामकाचा पुढचा डोस देण्याआधीचा आकडा सगळ्यांत खरा. तो सतत ४८ च्या वर राहत असेल तर औषध चालू असूनही दुखतंय. ६० म्हणजे वेदना तीव्र आहे.

चाल. लॅमिनायटिसमधलं लंगडणं मोजायच्या ओबेलच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत घोडा उभ्या उभ्या पाय आलटून पालटून उचलतो, चालताना लंगडत नाही, दुडकीत मात्र पावलं आखूड पडतात. दुसरीत चालायला तयार असतो पण ताठरून चालतो, आणि पाय उचलू देतो. तिसरीत चालायला नको म्हणतो आणि पाय उचलू देत नाही, कारण दुसऱ्या पायावर भार येतो. चौथीत जबरदस्ती केल्याशिवाय हलतच नाही. डोस द्यायच्या आधी ती कुठल्या पायरीवर असते ते बघा.

चेहरा. २०१४ साली घोड्यांसाठी चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं मोजमाप प्रसिद्ध झालं. त्यात सहा गोष्टी आहेत: ताठ मागे वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताण, उठून दिसणारे जबड्याचे स्नायू, आवळलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण १२. इथे एक चूक हमखास होते, माणूस समोर उभा राहून बघतो. घोडा भक्ष्य होणारा प्राणी आहे, कुणी आलं की दुखणं लपवतो. मोबाइल कुठेतरी बांधून ठेवा, दहा मिनिटं निघून जा आणि मग चित्रीकरण बघा.

आडवं राहणं. निरोगी घोडा दिवसाकाठी तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ क्वचितच आडवा असतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. बारा-तेरा तास म्हणजे तिने उभं राहणं टाळायचं ठरवलंय. ही माहिती तुम्ही तिच्या भुकेच्या आधी लिहायला हवी होती, कारण ती जास्त वजनदार आहे.

कुत्र्या-मांजरांसाठी गुणांचे तक्ते मिळतात, त्यात भूक, पाणी, स्वच्छता, हालचाल वगैरेंची बेरीज करून आकडा काढतात. घोड्याला ते लावताना बेरजेवर विसंबू नका. भुकेला दहापैकी दहा, पाण्याला दहा, आणि चालण्याला एक. बेरीज चांगली दिसते, पण ती एक गुणाची जागा एकटीच सगळं ठरवणारी असते.

आता औषध. तुमचा डोस ३८० किलोला दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ५.२ मिलिग्रॅमच्या वर. दीर्घकाळासाठी साधारण किलोमागे २.२ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किंवा त्याहून कमी, धरतात. सात आठवडे दुप्पट चाललंय. या औषधाने जठरात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात व्रण होतात, मूत्रपिंडालाही इजा होते. पन्नास किलो वजन गेलंय, त्यातलं काही आतड्यातून प्रथिनं झिरपून गेलेलं असू शकतं. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) लगेच तपासून घ्या. लीद पातळ होतेय का, पोटाखाली सूज आहे का, बघा. ओमेप्राझोल चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते जठर सांभाळतं, मोठ्या आतड्याला वाचवत नाही. आणि दुसरं त्याच गटातलं औषध, फ्लुनिक्सिन किंवा मेलोक्सिकॅम, याच्या जोडीला अजिबात देऊ नका. धोका वाढतो, आराम तेवढा वाढत नाही.

अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्सची दयामरणाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं थोडक्यात अशी आहेत: बऱ्या न होणाऱ्या आजाराची सततची किंवा आटोक्यात न येणारी वेदना घोड्याला सोसावी लागू नये, वेदना दाबायला उरलेलं सगळं आयुष्य औषधावर किंवा एकट्याने पागेत कोंडून काढावं लागू नये, आणि तो स्वतःला किंवा हाताळणाऱ्याला धोकादायक होऊ नये. तुमच्या वर्णनात यातल्या किमान दोन गोष्टी बसतात.

---

नालबंद_टाच

निर्णयाआधी एक्स-रे नव्याने काढा. चार महिन्यांपूर्वीचा एक्स-रे आजच्या खुराबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, बाजूने काढा, आणि खुराच्या पुढच्या भिंतीवर वरच्या कडेपासून खाली धातूची तार चिकटवा, म्हणजे भिंत आणि हाड यांच्यातलं अंतर मोजता येतं.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली तळव्याची जाडी. निरोगी खुरात ती १५ मिलिमीटर किंवा जास्त असते, १० च्या खाली चिंता, ५ च्या आसपास हाड जमिनीला टेकल्यातच जमा. दुसरी, हाडाचं टोक. ते झिजून वर वळलं असेल तर ती झीज भरून येत नाही. तिसरी, हाड नुसतं फिरलंय की खालीही बसलंय. खाली बसलं असेल तर खुराच्या वरच्या कडेला, केस संपतात तिथे, बोट रुतेल असा खड्डा लागतो. फिरलेल्या हाडाला खुराच्या कापणीने आणि नालाने मदत करता येते. खाली बसलेल्या हाडाला फार थोडी.

तळव्याकडेही बघा. तो सपाट होऊन बाहेर फुगू लागला असेल, आणि टोकाच्या मागे अर्धचंद्राकार भेग दिसत असेल, तर हाड आतून दाबतंय.

तोवर लगेच करण्यासारखं: पाच सेंटीमीटर जाडीचे टणक फोमचे तुकडे खुराच्या आकाराचे कापून डक्ट टेपने बांधा, टोकाकडचा भाग तासून टाका म्हणजे पाऊल उचलताना टोकावर जोर येत नाही. दोन-तीन दिवसांत ते दबून पातळ होतात, मग जुन्याखाली नवा लावा. बिछायत किमान ३० सेंटीमीटर जाड, दारापर्यंत. दाराशी उघडी फरशी सोडली की खाण्यासाठी तिला तिथेच उभं राहावं लागतं.

खोल स्नायूरज्जू कापायची शस्त्रक्रिया सुचवली जाईल. हाडाला मागे ओढणारा ताण तिने जातो, आणि नुसतं फिरलेलं हाड असेल तर घोडा पुन्हा आरामात चालू शकतो. पण सोबत खुराची हाडाला समांतर कापणी झालीच पाहिजे, आणि मूळ कारण आटोक्यात हवं. तिथे माझा प्रश्न, इन्सुलिन मोजलंय का? पीपीआयडीच्या बऱ्याच घोड्यांत इन्सुलिनही बिघडलेलं असतं, आणि लॅमिनायटिस त्याच वाटेने येतो. ते चढलेलं असताना कितीही चांगला नाल मारा, आतून लॅमिना सुटतच राहतात.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. टोकाकडची पूर्ण भिंत नवी यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे "प्रयत्न करून बघू" याचा अर्थ तिला वर्षभर त्या पायांवर उभं ठेवणं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाडी आणि आडवं राहायचे तास कमी झाले नाहीत, तर पुढच्या दहा महिन्यांची आशा कशावर धरायची? म्हणून प्रयत्न करा, पण कॅलेंडरवर तारीख लिहून.

---

आयाळ

वरच्या तत्त्वांतला आयुष्यभराच्या औषधाचा मुद्दा सरसकट लावू नये असं मला वाटतं. म्हातारपणी सांधे दुखणारा घोडा रोज थोडं वेदनाशामक घेऊन चरतो, लोळतो, कळपात फिरतो. त्याला थांबवायचं काही कारण नाही. फरक असा की त्याला औषध दिल्यावर तो घोड्यासारखा वागतो. रानवाट यांच्या घोडीला दुप्पट डोस देऊनही ती बारा तास आडवी आहे. औषध चालू असणं ही अडचण नाही, औषध पुरं पडत नाही ही अडचण आहे.

आणि एक. रोज बघणाऱ्याच्या नजरेला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा एखादा व्हिडिओ असेल तर तो आजच्या शेजारी लावून बघा. कधीच्या काळी "इथे पोचलो की थांबायचं" असं तुम्ही मनाशी ठरवलेलं असेल, तर ती रेषा मागे पडलीय का तेही कळेल. घरातल्या दोन मतांनी आजच एकत्र बसून मर्यादा लिहाव्यात, आकड्यांत. रात्री पोटशूळ उठला किंवा ती पडून उठूच शकली नाही, तर निर्णय कोणी घ्यायचा, हेसुद्धा त्याच कागदावर हवं. रात्री दोन वाजता फोनवर वाद घालायची वेळ येऊ नये.

---

रानवाट

आठ दिवसांच्या नोंदी आणि तपासण्या देतो. डोसआधीची नाडी ५६ ते ६४. ओबेल तिसरी पायरी, फोम लावल्यावरही तिसरीच. चेहऱ्याचे गुण तीन चित्रीकरणांत ६, ७, ७. आडवी १४ तास होती, फोम आणि बिछायतीनंतर १३. एक्स-रेत डावा तळवा ४ मिलिमीटर, हाडाचं टोक झिजलेलं. उजवा ७. डाव्या खुराच्या वरच्या कडेला बोट रुततं. अल्ब्युमिन १.९, क्रिएटिनिन ठीक. इन्सुलिन खूप चढलेलं आहे.

आता औषध बदलून बघायचं का?

---

अश्ववैद्यक

अल्ब्युमिन १.९ म्हणजे आतड्यातून प्रथिनं जातायत, हे फिनाइलब्युटाझोन बंद व्हायला हवं. मग हातात काय उरतं? फिरोकॉक्सिब आतड्याला तुलनेने सौम्य आहे, पण आधीच व्रण असलेल्या आतड्याला सुरक्षित नाही. पॅरासिटामॉल किलोमागे २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, सोबत गॅबापेंटिन. ही दोन्ही जोडीला उपयोगी पडतात, पण ज्या वेदनेला दुप्पट ब्युटाझोन पुरलं नाही तिला ही एकटी पुरणार नाहीत. इन्सुलिन उतरवायला ग्लिफ्लोझिन गटातली औषधं आणि भिजवून साखर काढलेलं गवत आहे, ते खरंच काम करतं. पण इन्सुलिन आज उतरलं तरी झिजलेलं हाड आणि ४ मिलिमीटरचा तळवा आहे तिथेच राहतो.

विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. दयामरण द्या, आणि याच आठवड्यात, दिवसाउजेडी, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सवडीने द्या. खातेय म्हणून घाई झाली असं होणार नाही. थांबलात तर पुढची पायरी म्हणजे हाड तळव्यातून बाहेर येणं किंवा पडल्यावर उठताच न येणं, आणि मग जो डॉक्टर मिळेल तो, ज्या वेळी मिळेल त्या वेळी.

दिवस ठरल्यावर वेदनाशामक कमी करू नका. तीन-चार दिवसांत आतड्याचं जे व्हायचं ते होईल, त्याला आता महत्त्व नाही. तिला त्या दिवसांत दुखू नये, याला आहे.

---

पागा_व्यवस्था

तयारीचं लिहितो, क्रम महत्त्वाचा आहे.

आधी शवाचं ठरवा, मग डॉक्टरांची वेळ घ्या. उलट केलं की ३८० किलोचं शव दिवसभर पडून राहतं. पुरायची परवानगी आहे का, विहीर किंवा ओढ्यापासून किती अंतर लागतं, हे स्थानिक प्रशासनाला विचारून घ्या. खड्डा साधारण ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, अडीच ते ३ मीटर खोल, शवावर किमान १ मीटर माती बसेल असा. तळाला पाणी लागलं तर जागा बदला. जेसीबी आदल्या दिवशी बोलवा, खड्ड्याला कुंपण करा आणि घोडीला त्याच्या अगदी कडेला नेऊ नका. दहनाची सोय असेल तर गाडीला विंच आहे का, ते विचारा.

पेंटोबार्बिटॉलने मृत्यू दिला तर ते औषध शवात कित्येक महिने टिकतं. कुत्री, कोल्हे, गिधाडं असं मांस खाऊन मरतात. म्हणून शव उघड्यावर टाकायचं नाही, कुणाला खायलाही द्यायचं नाही. विमा असेल तर कंपनीला आधी कळवून लेखी संमती घ्या, नंतर कळवलं तर दावा अडकू शकतो.

जागा घोडीपासून जवळ असावी, तिला आता पन्नास पावलंही लांब आहेत. मऊ, सपाट, वाहन पोचेल अशी. पागेच्या आत नको, दारातून शव ओढावं लागतं. उपाशी ठेवायची गरज नाही. खात असेल तर शेवटपर्यंत खाऊ द्या.

डॉक्टर मानेच्या शिरेत १२ किंवा १४ गेजची कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक नळी) बसवून टाके घालतील, तशीच मागा. औषध साधारण शंभर मिलीलीटर असतं, दोन-तीन मोठ्या सिरिंजमधून एकापाठोपाठ जातं. नुसत्या सुईने दिलं आणि सुई निसटली तर औषध शिरेबाहेर जातं, घोडा अर्धवट गुंगीत धडपडतो. हा प्रसंग बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. आधी गुंगीसाठी डेटोमिडिन किंवा झायलाझिन देतात, मान खाली येईपर्यंत काही मिनिटं थांबतात. गुंगीच्या औषधाने रक्ताभिसरण मंदावतं, म्हणून पुढचं औषध पोचायला थोडा जास्त वेळ लागला तरी घाबरू नका. सेकोबार्बिटल आणि सिंकोकेनचं मिश्रण मिळत असेल तर ते २५ मिलीलीटरच लागतं. ते १० ते १५ सेकंदांत एकसारखं द्यायचं असतं, घाईने ढकललं तर हृदय आधी थांबतं.

उभी असेल तर दोरी किमान ३ मीटरची, धरणारा एकच माणूस, खांद्याच्या बाजूला, समोर कधीच नाही. घोडा पुढे कोसळू शकतो, मागेही बसू शकतो. तुमची घोडी बहुतेक वेळ आडवी असते, ती शांत पडलेली असताना औषध देणं जास्त सुरक्षित, पडण्याचा धक्काही टळतो. तेव्हा पाठीच्या बाजूने जा, पायांच्या नाही.

नंतर काय दिसतं ते घरच्यांना आधी सांगून ठेवा. डोळे उघडे राहतात. एक-दोन खोल उसासे येऊ शकतात, स्नायू थरथरतात, लघवी होते. तेव्हा तिला शुद्ध नसते. डॉक्टर बुबुळाला स्पर्श करून पापणी हलते का बघतात आणि काही मिनिटं हृदय ऐकून मगच सांगतात.

बंदुकीने किंवा बोल्ट यंत्राने मृत्यू तत्काळ येतो आणि शवात औषध उरत नाही, पण ते प्रशिक्षित माणसानेच करायचं काम आहे, बोल्टनंतर दुसरी पायरीही लागते.

शेपटीचे केस ठेवायचे असतील तर वर रबर बँड बांधून मग कापा, नाहीतर सगळे सुटतात.

---

आयाळ

गाढवाचं राहिलं. तो घोडीइतकाच जपायचा आहे. जोडीदार गेल्यावर गाढव खाणं सोडतं, आणि खाणं सोडलं की शरीरातली चरबी रक्तात उतरते. हायपरलिपिमिया म्हणतात, यकृत निकामी होतं आणि गाढव मरतं. जाड गाढवाला धोका जास्त.

आदल्या दिवशी त्याच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड मोजून ठेवा, नंतर तुलना करता येते. इंजेक्शनच्या वेळी त्याला घोडी दिसेल इतक्या अंतरावर पण दोरीच्या टप्प्याबाहेर असू द्या. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं की कॅन्युला काढून रक्त पुसा आणि त्याला मोकळा सोडा. हुंगेल, खुराने ढोसेल, कदाचित ओरडेल. घाई करू नका. तो स्वतःहून वळून चरायला लागेपर्यंत शव हलवायचं नाही, मग तास लागो की तीन. त्याला कोंडून शव गुपचूप नेलं तर तो कित्येक दिवस शोधत राहतो.

पुढचे दोन-तीन आठवडे त्याचं गवत वजन करून टाका आणि उरलेलं वजन करा. गाढव मलूल झालं तरी तोंड हलवत राहतं, त्यामुळे नुसतं बघून खातंय असं वाटतं. अर्ध्या दिवसाचं गवत उरलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासायला डॉक्टरांना बोलवा. जवळपास दुसरा घोडा किंवा गाढव असेल तर कुंपणापलीकडून दिसेल असा बांधा, आणि तो आजपासूनच तिथे असला तर उत्तम.